करडईचं तेल आणि माझे दंड

१८ नोव्हेंबर

भागवत सरांनी सांगितलंय, रोज काय खाल्लं, किती पळालीस, किती जोर मारले ते लिहीत जा. चांगले खेळाडू लिहितात म्हणे. तर घ्या. खाल्लं: भाकरी, पिठलं, मूठभर शेंगा. पळाले: पाझर तलावापर्यंत आणि परत. जोर: विचारू नका.

हे लिहून झालं आणि पान कोरंच राहिलं, म्हणून बाकीचं लिहिते. सरांना दाखवायला वेगळी वही करीन.

आई आणि अण्णा आज ऊसतोडीला गेले. बंकट मुकादमाचा ट्रक भरून निघाला. भांडी, गोधड्या, कोंबड्या, माणसं, सगळं एकावर एक. आई वरून ओरडली, "चैते, आत्याला तरास देऊ नगं!" मी हातसुद्धा हलवला नाही. दरवर्षी हेच. दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच ही दोघं जातात, ती पाडव्याच्या आसपास उगवतात. मला कळायला लागल्यापासूनचे सगळे हिवाळे मनकर्णा आत्याच्या घरात गेले.

डिसेंबरअखेर बीडला निवड चाचणी आहे. ज्युनिअर मुलींचा जिल्हा कबड्डी संघ. माझं हे शेवटचं वर्ष, पुढच्या वर्षी मी वयात बसत नाही. संघात नाव आलं तर राज्य स्पर्धा, आणि उद्या पोलीस भरतीला त्याचा आधार. नाही आलं तर आत्याच्या तोंडात लग्नाचा विषय तयारच आहे. आमच्याकडं लग्न म्हणजे पुढच्या दिवाळीनंतर नवरा-बायकोचा एक कोयता, ऊसतोडीची एक जोडी. मला फडात जायचं नाही. बस्स.

२६ नोव्हेंबर

थंडी पडली आणि आले पाव्हणे. दंडांवर, खांद्यापासून कोपरापर्यंत, बारीक बारीक पुळ्या. दुखत नाहीत, पिकत नाहीत, नुसत्या असतात. हात फिरवला की नारळाच्या किसणीवर फिरवल्यासारखं वाटतं. किसणी हा शब्द माझा नाही, मनिषाचा. ती आमच्या संघात कोपऱ्यात उभी राहते, पकड करते. दोन वर्षांपूर्वी तिनं माझा दंड धरला आणि "ईऽऽ, ही तर किसणी हाय!" म्हणून सोडून दिला. सगळ्या हसल्या, मीही हसले. तेव्हापासून मी जर्सीच्या आत काळा फुल बाह्यांचा टीशर्ट घालते. सर समजतात मला थंडी वाजते.

कुणाला सांगू नये असं एक इथं लिहिते. आई घरी असते तेव्हा हे नसतं. आई गेली की येतं. उन्हाळ्यात दंड गुळगुळीत, दिवाळी झाली की सुरू. लहानपणी मला वाटायचं, आई गेल्याचा राग अंगावर उठतो. आता मी एसवाय बीएला आहे, असलं काही नसतं हे मला कळतं. तरी वाटतं.

१ डिसेंबर

चूक केली. फोनवर आईला सांगून बसले. ती विचारत होती, "आवाज असा कावून गं?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं की दंडावर पुळ्या आल्यात. झालं. आता रोज दिवे लागले की फोन.

"डाळीचं पीठ न् ताक लाव. वाळू दे. मंग चोळून काढ."

दुसऱ्या दिवशी, "मसुराची डाळ भिजीव, वाट."

तिसऱ्या दिवशी, "लिंबाचा पाला उकळून त्या पाण्यानं आंग धू. कडू लिंबाचा गं, खायच्या लिंबाचा न्हाई."

सगळं करून झालं. ताकाचा वास दोन दिवस जात नव्हता. वर्गात शेजारची पोरगी बाक सोडून मागं जाऊन बसली. पुळ्या आहेत तिथंच.

एक नवल वाटलं. आज आई म्हणाली, "सकाळच्या गारठ्यात सदरा चढिवताना जास्ती टोचतं, न्हाई का? न् बाही वल्ली झाली की खाजतं." अगदी तसंच होतं. हिला कसं कळतं देव जाणे. आयांना सगळंच कळल्यासारखं बोलायची सवय असते.

७ डिसेंबर

स्वतःच्या अकलेनं काही करू नये. मोबाईलवर एका बाईनं सांगितलं, लिंबू आणि साखर घेऊन घासा, सात दिवसांत रेशमासारखी त्वचा. मी म्हटलं आपल्याला सात दिवस कुठं आहेत? म्हणून आधी टाच घासायच्या दगडानं घासलं आणि मग लिंबू चोळलं. आई गं! डोळ्यांपुढं काजवे चमकले. मी अंगणभर नाचले. आत्या सूप टाकून धावत आली, तिला वाटलं विंचू चावला.

दंड लालभडक झालेत. पुळ्या होत्या त्या आहेतच, वर आता ओरखडे.

९ डिसेंबर

आत्यानं धरून आरोग्य केंद्रात नेलं. डॉक्टर बाई नवीन आहेत, आमच्याच तालुक्यातल्या. त्यांनी दंड बघितला आणि सांगितलं, हा रोगच नाही. केसांच्या मुळाशी कातडी साठते आणि गाठ होते. कुणाला लागत नाही, त्यानं काही धोका नाही. थंडीच्या कोरड्या हवेत वाढतं, उन्हाळ्या-पावसाळ्यात कमी होतं. घासायचं मुळीच नाही. आंघोळ झाली की ओलसर अंगावर मलम लावायचं. वय वाढलं की बऱ्याच जणांचं आपोआप कमी होतं.

मग विचारलं, "घरात आणखी कुणाला आहे? हे बहुतेक आईकडून नाहीतर वडिलांकडून येतं."

मी म्हटलं, "न्हाई. कुणालाच न्हाई."

आत्याही अण्णांबद्दल म्हणाली, "आमच्या सर्जेरावाचं आंग बगा, तवा घासल्यावानी लख्ख."

मलमात युरिया असतो असं डॉक्टर बाई म्हणाल्या. शिरूरच्या मेडिकलमध्ये ते मलम संपलंय, मागवून देतो म्हणाला. घरी येऊन मी अभ्यासाला बसले तर पडवीत खुडबुड. बघते तर आत्या कापसाच्या खताच्या पोत्यातून मूठभर युरिया काढून वाटीत पाणी घालून ढवळतेय! "आगं तेवढ्यासाठी मेडिकलची वाट कावून बगायची? घरात पोतं हाय की." वाटी हिसकावून उकिरड्यावर ओतली. एका तासाचा उशीर झाला असता तर मी कबड्डीऐवजी दवाखान्यात असते.

१४ डिसेंबर

आईच्या प्रश्नांना कंटाळून थाप मारली. म्हटलं, "गेलं समदं. साफ झालं."

 मग म्हणाली, "बरं झालं." मग, "समदंच गेलं?" मग, "बरं... ठिवू का मंग?"

मला वाटलं सुटले.

१५ डिसेंबर

दिवे लागले, फोन आला. "केसाला काय लावतीस आता?"

माझ्या केसांना काही झालेलं नाही. मी चिडले. म्हटलं आई, मला सरावाचं बघू दे, तुला काम नाही का तिकडं? म्हणाली, "हाय की. आत्ताच आलो फडातनं."  शेवटी मीच वैतागून सांगितलं की गेलेलं नाही, आहे तसंच आहे. तर बाईच्या आवाजात जीवच आला! "मी म्हनलंच, आसं कसं येवड्यात जाईल. आता आसं कर, करडईचं तेल कोमट कर..."

मला कधीकधी वाटतं हिला माझं दुखणं हवंच आहे.

२२ डिसेंबर

एक मात्र मान्य करायला पाहिजे, करडईच्या तेलानं बरं वाटतं. ओरखडे मऊ पडले. घाण्याचं तेल आहे, आत्याच्या डब्यातलं, पिवळंजर्द. रात्री चोळते, सकाळी पुसते. आई रोज विचारते, "चोळलंस का? मुरू दे. कंजूषी करू नगं, आत्याला मी सांगते." मलम अजून आलेलं नाही.

चाचणी तीन दिवसांवर आलीय.

२५ डिसेंबर

लिहायचं नव्हतं. लिहिते, नाहीतर डोकं फुटेल.

पहाटे निघायचं होतं, गारठा मरणाचा. दंड ओढल्यासारखे कोरडे, ओरखडे चरचरत होते. दिवसभर फुल बाह्यांत खेळायचं, म्हणून निघताना चांगलं ओंजळभर तेल जिरवलं. वरून टीशर्ट चढवला.

बीडला मैदानावर गेल्यावर पंचांनी सांगितलं, जर्सीच्या आत काही घालायचं नाही, सगळ्यांनी काढा. मी सरांकडं बघितलं. सर म्हणाले, "काढ गं, ऊन पडलंय आता." काढला. पहिल्यांदा चारचौघांत उघडे दंड. पण माझं लक्ष पुळ्यांकडं होतं, तेलाकडं नव्हतंच. आईची शपथ, तेल माझ्या डोक्यातच नव्हतं.

पहिलीच चढाई. डाव्या कोपऱ्यावर गेले, मनिषा समोरच्या संघात टाकलेली. तिनं दंड धरला, मागून दोघी आल्या. मी झटका दिला आणि सुटले! तिघींच्या हातांतून साबणासारखी सुटले आणि मध्यरेषेवर हात टेकला. तीन गुण. लोक ओरडले. सर उभे राहिले. मला वाटलं, झालं, घेतलं मला.

मनिषा उठली, आपला तळवा बघितला, नाकाशी नेला आणि पंचांपुढं धरला.

अंगाला तेल लावून उतरायला कबड्डीत बंदी आहे, हे शाळेतल्या पोरीलाही माहीत असतं. पकड निसटावी म्हणून चोरून लावतात काही जण. पंचांनी पांढरा रुमाल माझ्या दंडावरून ओढला. रुमाल पिवळा. वास सगळ्यांना आला. "बाहेर," एवढंच म्हणाले.

सर जवळ आले. ओरडले असते तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाले, "चैताली, मी तुला हे शिकवलं का?"

एका वाक्यात सांगता आलं असतं. सर, माझ्या दंडांवर पुळ्या आहेत, त्याला लावते. पण मग सगळ्यांनी वळून माझे दंड बघितले असते. चोर म्हटलेलं चालेल, पण ते नको, असं त्या वेळी वाटलं. टीशर्ट चढवला आणि येष्टी स्टँडवर चालत गेले.

२६ डिसेंबर

आईचा फोन. मी म्हटलं, "तुझ्या तेलानं माझा घात झाला. आता परत काही सांगू नगस. हितं ऱ्हायली असतीस तर बगितलं असतंस काय लावायचं न् काय न्हाई. फोनवर आई हुता येत न्हाई."

बोलून गेले.  तिच्या पाठीमागं बैलगाडीचा आवाज येत होता. मीच ठेवला.

३ जानेवारी

फोन नाही. मी सरावाला जात नाही. पळत नाही. मेडिकलवाल्यानं मलम आलं म्हणून सांगितलं. आणलं नाही.

आत्या आईबद्दल म्हणते, "सरूचा फोन न्हाई आला गं." मी म्हटलं येईल. मनातून मला भीती वाटतेय.

१५ जानेवारी

काल तळावर आले. बंकट मुकादमाचा टेम्पो बाजरी आणि पेंड घेऊन इकडं येणार होता, आत्यानं मला तिळाच्या लाडवांचा डबा देऊन त्यात बसवलं. "संक्रांत हाय. जा न् तोंड गोड कर, तुजं बी न् तिचं बी."

तळ म्हणजे कारखान्याजवळचं रान. त्यात पाचटाच्या, ताडपत्रीच्या कोप्या, दाटीवाटीनं. आई-अण्णा फडात होते. दुपार कलल्यावर बैलगाड्या कारखान्याकडं गेल्या आणि बायका चालत आल्या. सगळ्यांच्या अंगात साडीवरून पुरुषी फुल सदरे, डोक्याला फडकी. मला आई लवकर ओळखूच आली नाही. तिनं मला ओळखलं. "आगं बया, चैते!" म्हणून डोक्यावरची मोळी खाली टाकली. जवळ येऊन म्हणाली, "उनात आलीस का?"

कोपीमागं साडीचा आडोसा करून बायका आंघोळ करतात. आई म्हणाली, "जरा पाठीवर पाणी वत." तिनं सदरा काढला, चोळी काढली. मी तांब्या घेतला आणि हात तसाच राहिला.

तिचे दंड. खांद्यापासून कोपरापर्यंत. माझेच दंड, फक्त काळे पडलेले.

मी बोट लावून बघितलं. किसणी.

"हे कवापास्नं हाय?"

"काय? ह्ये? उसाच्या पात्याचं बारीक कुस टोचतं की. हितं आलं की उटतं, घरी गेलं की जातं. समद्यास्नीच येतं."

शेजारच्या कोपीतल्या कडूबाई तिथंच बाह्या खांद्यापर्यंत सारून हात धूत होत्या. त्यांच्या हातांवर उसाच्या पात्यांचे ओरखडेच ओरखडे होते, पण पुळी एकही नव्हती. मी दाखवलं. आईनं बघितलं. वीस वर्षं शेजारी कोयता चालवला, पण तिनं ते कधी बघितलं नव्हतं, कारण इथं सगळ्यांचे हात सदऱ्यात असतात.

मग मी डॉक्टर बाईंचं सगळं सांगितलं. थंडीत येतं, उन्हाळ्यात जातं. ती मला दर वर्षी उन्हाळ्यात भेटली, मी तिला दर वर्षी उन्हाळ्यात. तिला वाटायचं उसामुळं उठतं. मला काय वाटायचं ते मी तिला सांगितलं नाही, सांगवेना.

मला वाटलं ती हसेल. तिचं तोंड उतरलं. "म्हंजे माज्याकडनंच गेलं तुला. द्यायचं ते दिलं न्हाई न् ह्ये दिलं."

मी म्हटलं, "आई, गप. पाणी गार व्हायलंय." पाठ चोळली, दंडही चोळले, हलक्या हातानं. कोपीत करडईच्या तेलाची बाटली होती. तळाला थोडं राहिलेलं. मला जे जे सांगितलं, ते ते आधी स्वतःला लावून बघितलं होतं बाईनं. ताक तिनं कडूबाईंकडनं मागून आणलं होतं.

"फोन कावून केला न्हाईस?" मी विचारलं.

"तू म्हनलीस सांगू नगस. मंग काय बोलू? तुज्या कालिजातलं मला काय कळतं? कबड्डीतलं कळतं का? ह्येवढं एकच मला ठावं हुतं."

मी बाहेर जाऊन चुलीला फुंकर घालत बसले. धुराचं निमित्त बरं असतं.

१८ जानेवारी

परत आले. बॅग ठेवली आणि तशीच शाळेच्या मैदानावर गेले. सर पोरींना पकडी शिकवत होते. त्यांनी बघितलं आणि मान फिरवली. मी सगळ्यांच्या समोर स्वेटर काढला, बाही खांद्यापर्यंत वर केली आणि म्हटलं, "सर, हे बघा. ह्याला लावलं होतं तेल."

सरांनी बघितलं. कान लाल झाले त्यांचे. "अगं मग तिथंच सांगायचं ना, गाढवे."

"लाज वाटली, सर."

 मनिषा पुढं आली आणि तिनं दंडावर बोट फिरवलं, या वेळी ईऽऽ न करता. म्हणाली, "मला वाटलं तू डाव केलास." मी म्हटलं, "मलाबी तसंच वाटलं असतं."

संध्याकाळी सरांनी बीडला फोन लावला. डॉक्टर बाईंशीही बोलले. एक चढाईपटू पाय मुरगळून संघाच्या सराव शिबिरातून घरी गेलीय, त्या जागेसाठी चौघींची परत चाचणी आहे. माझं नाव घातलं. पण दंड सगळ्यांसमोर तपासणार, कबूल असेल तरच ये म्हणाले. कबूल.

२३ जानेवारी

अंगाला काही नाही. तेल नाही, मलम नाही, पाण्याशिवाय काही नाही. कोरडे ठणठणीत दंड घेऊन उभी राहिले. पंच बाईंनी फडकं ओढलं, कोरडं निघालं. मग हात फिरवून म्हणाल्या, "हे काय गं?"

"जन्माचं आहे, मॅडम. आईकडनं आलंय."

माझा आवाज मोठा निघाला बहुतेक. पलीकडच्या पोरी बघायला लागल्या. बघू दे म्हटलं.

पहिल्या चढाईत पकडले गेले. दुसऱ्या चढाईतही. तेल नसलं की दंड कसा घट्ट धरता येतो ते चांगलं कळलं.  तिसऱ्या वेळी दंड कुणाच्या हाताला लागूच दिला नाही. खाली वाकून बोनस घेतला आणि परतताना कोपऱ्यातलीला पायानं टिपलं. त्यानंतर दोनदाच सापडले.

नाव शेवटचं वाचलं. चैताली सर्जेराव. सरांनी पाठीत असा धपाटा घातला की अजून ठणकतंय.

२ फेब्रुवारी

शिबिरातून एका दिवसाची सुट्टी. संघाचा फोटो इथल्या पेपरात आला. मी पुढच्या रांगेत, बिनबाह्यांची निळी जर्सी. आत्यानं तो बंकट मुकादमाच्या मोबाईलवर पाठवायला लावला.

दिवे लागायच्या आत आईचा फोन. मागं बायकांचा गलका.

"पाह्यला गं फोटू. मुकादमानं मोट्टा करून दावला. समद्या तळानं पाह्यला."

"मग? वळखलं का कुणी?"

"कडूबाईनं वळखलं. तोंडावरनं न्हाई. म्हनली, आगं सरू, ह्ये दंड तर तुजे हायत." मग म्हणाली, "तोंड तू बापाचं घेतलंस. समदे त्येच म्हनायचे, बापाची पोर, आत्याची पोर. माजं काय हाय हिच्यात, आसं मी लई बगायची. सापडायचं न्हाई."

 आत्याच्या हातात फोन दिला आणि बादली घेऊन नळावर गेले. नळाला पाणी आलेलं नव्हतं. तिथंच बसून पोटभर रडले आणि रिकामी बादली घेऊन घरी आले.